वळणावरचे मास्तर

गुडघा सोलवटलेला एक सायकलवाला दवाखान्याच्या बाकावर बसला होता आणि सिस्टर त्याच्या जखमेतली खडी चिमट्यानं एकेक करून काढत होती. घाटातल्या वस्त्यांसाठीचा हा दोन खोल्यांचा दवाखाना. पुढच्या खिडकीतून खाली समुद्र दिसायचा, मागच्या दारातून डोंगर. हल्ली सुट्टीच्या दिवशी इथं ताप-खोकल्यापेक्षा सायकलवालेच जास्त यायचे, आणि सायकलवाला दिसला की सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“दुखतंय?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग थांबा.” तिनं औषधाचा बोळा जखमेवर दाबला.

त्यानं दातओठ आवळले. मग हळूच म्हणाला, “सगळ्याच पेशंटवर इतकी माया करता?”

“फक्त सायकलवाल्यांवर.”

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल जरा जास्तच वर जायचा. हे आपल्या लक्षात आलंच कशाला, म्हणून तिला आणखी राग आला.

पट्टी बांधून झाल्यावर त्यानं रुमालासाठी पिशवी उघडली, तशी चार-पाच पुस्तकं घसरून फरशीवर पडली. सगळी एकसारखी. समुद्राकाठच्या आणि डोंगरातल्या शांत रस्त्यांवर सायकल कशी, कुठून न्यावी, याचं ते पुस्तक.

“एवढ्या प्रती कशाला?”

“मीच लिहिलंय,” तो लाजत म्हणाला. “शाळेत भूगोल शिकवतो. सुट्टीत रस्ते हिंडतो. नवी आवृत्ती निघायचीय, म्हणून सगळे रस्ते परत तपासतोय.”

सिस्टरनं एक प्रत उचलली. पान शोधावं लागलं नाही. ते तिला पाठ होतं. तिनं मोठ्यानं वाचलं, “‘दवाखान्यानंतरचं तिसरं वळण. इथे ब्रेक लावू नका. समुद्र एकदम अंगावर येतो, तो तसाच येऊ द्या.’ छान लिहिता, मास्तर. गेल्या वर्षी एकानं तुमचं ऐकलं. ब्रेक लावला नाही. त्याच्या अंगावर समुद्र नाही आला, माझे बाबा आले.”

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. “कसे... कसे आहेत ते?”

“खुब्याचं हाड मोडलं. तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, आता काठीशिवाय दारापर्यंत जाता येत नाही.” तिनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. “पट्टी तिसऱ्या दिवशी बदला. दुसरीकडे कुठेतरी.”

पुढच्या सुट्टीला ती दवाखान्यातून घरी आली, तर फाटकाला मास्तरांची सायकल टेकवलेली. आत बाबा आणि मास्तर एका नकाशावर ओणवे, शेजारी चहाचे रिकामे कप.

“अगं, मास्तर माफी मागायला आलेत,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, झालं गेलं.”

“बाबा, तुमच्या पायाबद्दल तुम्ही खुशाल माफ करा. माझ्या वाटणीचं माझं मी बघेन.” ती मास्तरांकडे वळली. “चहा झाला असेल तर निघा.”

ते निमूट उठले. फाटकापाशी थांबून म्हणाले, “तुमचा राग बरोबर आहे. फक्त... काय केलं तर—”

“ते वाक्य परत घ्या. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीतून. जमेल?”

पिच्छा सोडावा म्हणून ती बोलली होती. पण मास्तरांनी ते शब्दशः घेतलं. प्रकाशक म्हणाला, विकलेलं विकलं. मग मास्तरांनी सायकलवाल्यांच्या मंडळांना पत्रं धाडली, दुकानं पालथी घातली आणि दिसेल त्या प्रतीच्या त्या पानावर चिठ्ठी डकवली – ‘इथे उतरा आणि चालत जा. वळणापलीकडे माणसं राहतात.’ रस्तेखात्याकडे फलकासाठी अर्ज केला. आणि फलक लागेपर्यंत दर सुट्टीला सकाळपासून हातात लाल झेंडा घेऊन स्वतःच तिसऱ्या वळणावर उभे राहू लागले.

सिस्टर त्याच रस्त्यानं सायकलवर कामाला जायची. पहिल्या वेळी तिनं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी वेग कमी न करता म्हणाली, “झेंडा उलटा धरलाय.”

“झेंड्याला उलट-सुलट असतं?”

“झेंड्याला नसतं. माणसाला असतं.”

तिसऱ्या वेळी पाऊस कोसळत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मास्तर भिजून चिंब. ती खाडकन थांबली.

“अशा पावसात कोण येणार आहे सायकल घेऊन?”

“तुम्ही आलात ना.”

कॅरिअरची छत्री काढून तिनं त्यांच्या हातात कोंबली. “धरा. छातीत कफ झाला तर औषध मलाच द्यावं लागेल.”

“दुसरीकडे जाईन की. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“तोंड वर करून बोलू नका. पाणी जाईल तोंडात.”

असे दोन महिने गेले. सुट्टीच्या दिवशी ती घरातून दहा मिनिटं आधी निघू लागली. समोरून वारा असतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग एका सकाळी वळणाच्या अलीकडे फलक उभा दिसला, रस्त्यावर वेग मोडणारे पांढरे उंचवटेही. मास्तर कठड्यावर बसून झेंड्याची घडी करत होते.

“आता इथलं माझं काम संपलं,” ते म्हणाले.

“संपलं?” ती सायकलवरून उतरली. “फलक लागला की संपलं? बरंय तुमचं. माझं कधी संपायचं?”

तिचा आवाज चिरकला. मास्तर उठून उभे राहिले, पण जवळ आले नाहीत.

“त्या सकाळी मीच बाबांना बाहेर काढलं होतं,” ती समुद्राकडे बघत म्हणाली. “मला कामावर जायची घाई, आणि ते मागे मागे, वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचून दाखवत होते. मी म्हटलं, डोकं खाऊ नका, जरा बाहेर फिरून या. ते आले इथे... वर्षभर तुमच्या पुस्तकाला शिव्या घातल्या. स्वतःला घालायची हिंमत नव्हती.”

मास्तरांनी घडी केलेला झेंडा कठड्यावर ठेवला.

“बाबांना सांगितलंत हे?”

“नाही.”

“सांगा. आणि माझ्यावरचा राग त्यामुळे कमी करू नका. ते वाक्य मीच लिहिलं होतं.”

दुसरं कुणीही ‘तुमचा काही दोष नाही’ म्हणालं असतं, आणि तिनं ते ऐकून सोडून दिलं असतं. हे मात्र आत कुठेतरी जाऊन टेकलं.

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. बाबा ऐकून चक्रावलेच. “मला आठवतही नाही गं. मी पायात चपला अडकवूनच वाचत होतो. आणि तुझ्या ओरडण्यावर घराबाहेर पडायचं ठरवलं असतं, तर आतापर्यंत पृथ्वीला फेरी मारून झाली असती.”

“हसू नका, बाबा,” ती म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. पोटभर, रागारागानं.

पुढच्या सुट्टीला मास्तर डोंगरामागचा नवा रस्ता तपासायला निघाले, तेव्हा तीही निघाली. “तुमच्यावर एकट्यावर सोडलं तर परत काहीतरी लिहून ठेवाल,” एवढंच कारण तिनं दिलं.

चढ सरळसोट होता. धुकं उतरलं होतं, ओल्या गवताचा वास येत होता, आणि दोघं अर्ध्या वाटेपर्यंत भांडत होती – हा चढ अवघड लिहायचा की मध्यम. अचानक मास्तरांनी सायकल बाजूला घेतली.

“मला एक सांगायचंय.” त्यांना धाप लागली होती. “ते झेंडा घेऊन उभं राहणं... पहिले दोन आठवडे बाबांसाठी होतं. नंतर मी तुमची वाट बघत होतो. आणि मला... आयुष्यभर बघायला आवडेल. तुमची वाट म्हणत नाहीये मी. तुम्हाला.”

सिस्टर हँडलवर वाकून श्वास गोळा करत होती. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

“तुला अक्कल आहे का रे?” ती म्हणाली. “असलं कुणी चढावर विचारतं? माणसाला हो म्हणायला छातीत हवा तर राहू दे.”

तिच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं होतं. दोघांनाही ते एकदमच कळलं. मास्तरांचा डावा गाल वर गेला.

“म्हणजे... हो?”

“आधी ‘अवघड’ लिही. मग हो.”

त्यांनी मुकाट्यानं वही काढून लिहिलं. तिनं वाकून खात्री करून घेतली, आणि वहीवरचा त्यांचा ओला हात आपल्या हातात घेतला.

दुपारी दोघं चिखलानं माखून घरी पोचली. बाबा दारात काठी टेकून उभे होते.

“बाबा,” ती सायकल लावत म्हणाली, “हा आज जेवायला आहे. पुढेही असेल. कायमचा.”

बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

“बरं झालं,” ते म्हणाले. “आता भांडायला सुट्टीची वाट बघायला नको.”