तळघरातला नवा गिलावा

कंदील जरा बारीक कर रे रघू, डोळ्यांत येतोय. आणि सारखं 'मग काय झालं तात्या' करायचं नाही. कळेल तेव्हा कळेल. ही गोष्ट माझ्या शेजारच्या खोलीतल्या शिवा गवंड्याची. आपल्या वेंगुर्ल्याकडचा. रचून सांगणं त्याला जमणारच नाही, तेवढी अक्कल देवाने त्याला दिलेली नाही.

दोन वर्षं झाली. प्लेगचं सत्त्याण्णव साल, आषाढातली दिव्याची अवस, गुरुवार. घरोघरी बायका दिवे घासून पाटावर मांडत होत्या आणि शिवा कळीच्या चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन परळहून गिरगावात निघाला होता. पाटीवर दोन पोती झाकलेली, कारण कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो उकळायला लागतो. काम होतं हरेश्वरशेठच्या तळघराचं. समुद्र एवढा जवळ असताना तळघर बांधायची हौस शेठच्या बापाला आली होती, आणि त्या पावसात ते कमरेइतकं भरलं होतं.

अवसेला संध्याकाळी ओहोटी आणि मध्यरात्री मोठी भरती. ओहोटीला पाणी उपसायचं, भोक शोधायचं आणि भरतीच्या आत बुजवायचं, असं ते काम.

पण शिवा काही मजुरीसाठी गेला नव्हता. त्याची बहीण मालन त्याच घरी कामाला राहायची. माघात प्लेगचा कहर चालू असताना ती नाहीशी झाली. शिवा तेव्हा नाशकाकडे पुलाच्या कामावर. म्हातारी आई विचारायला गेली, तर शेठ दारातूनच म्हणाला, "गाठीच्या भीतीनं पळाली. गावी बघा." गावी ती नव्हती. म्हातारी रोज तिचं ताट वाढून बसायची, तिचे दिवस घालू द्यायची नाही. काही पत्ता लागेल म्हणून शिवाने मुकादमाचे पाय धरून ते काम मागून घेतलं. शेठने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

शेठची बायकापोरं वसईला होती. दोन गडी पाणी उपसून दिव्याच्या पूजेला घरी गेले. तळघरात शिवा एकटा. वर शिडीच्या टोकाशी शेठ, कंदील धरून. रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

समुद्राकडच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. शिवा म्हणाला, "शेठ, पानी हयसून येता. भिंत फोडूक व्हयी."

"फोडायची नाही. वरून लिंपून टाक."

"वरसून लिंपलंय तर उद्या परत भरतला."

"सांगितलं तेवढं कर."

शिवाने थापीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली. पोकळ वाजली. गिलावा नवा होता, आणि त्यावर थापीची रेघ नव्हती. कुणीतरी घाईघाईत बोटांनी थापला होता. गवंडी असं काम करत नाही रे. मेला तरी करत नाही.

त्याने पहार घातली.

आधी पाणी आलं. मग चुन्याचा पांढरा लगदा. मग एक हात... मनगटात पितळेच्या तारेचं कडं. ते शिवानेच वळून दिलं होतं मालनला. तिचं नाव त्याच्या तोंडून निघालं.

शेठ वरून बोलला. आवाज अगदी थंड. "प्लेगचे झडतीवाले आले होते. तिला ताप, त्यात ओरडत होती. सापडली असती तर आम्हा सगळ्यांना छावणीत नेलं असतं. मी फक्त तोंड दाबलं."

"चुनो घातलंस... तेव्हा ती मेलेली?"

शेठने शिडीला हात घातला.

"मेलेली काय, शेठ?"

...

शिवा पहार घेऊन शिडी चढला. शेठने कंदील त्याच्या डोक्यावर फोडला. काच कपाळात घुसली, डोळे रक्ताने भरले, शिवा खाली कोसळला. शिडी वर ओढली गेली. झाकण पडलं. कडी लागली.

काळोख. आणि फोडलेल्या भिंतीतून भरती आत येऊ लागली.

घोटे बुडाले. गुडघे. मग पाणी चुन्याच्या पाटीला लागलं... खदखदा उकळायला लागलं. पाय भाजले. वाफेने श्वास कोंडला. तो ओरडला. वर पाऊस कोसळत होता, कोण ऐकणार? कमरेपर्यंत पाणी. छातीपर्यंत.

मग वर पावलं वाजली.

एक शेठची. आणि दुसरी पावलं... ओली.

शेठ किंचाळला. अर्धंच. बाकीचं तोंड दाबल्यासारखं आत राहिलं. काहीतरी आपटलं. पुन्हा आपटलं. कडी निघाली. झाकण उघडलं, वर लावलेल्या समईचा उजेड पाण्यावर पडला, आणि शेठ उलटा पाण्यात पडला. वर आला. तोंड उघडं, आवाज नाही. खाली गेला. वर आला. खाली गेला. त्याला कुणीतरी बुडवत होतं, आणि तिथं कुणी नव्हतं.

शिवाने भिंतीकडे पाहिलं. भोकात हात नव्हता.

तेवढ्यात पाठीत दणका बसला. दोन्ही बाजूंनी, एकदम. आता माझी पाळी, एवढंच त्याला वाटलं. शुद्धीवर आला तेव्हा तो वर स्वयंपाकघरात पडला होता. तळघराचं झाकण बंद.

सकाळी लोकांनी शेठला बाहेर काढलं. तोंडात चुना गच्च भरलेला. पाय घसरून पडला, असं ठरलं. मालनचं जे सापडलं त्याला शिवाने सोनापूरच्या स्मशानात अग्नी दिला. म्हातारीने तिचे दिवस घालू दिले.

शिवा मात्र त्या दिवशी माझ्या खोलीत बसून लहान मुलासारखा रडत होता. "मालनान मारल्यान माका तात्यानू. मी नव्हतंय ना तेव्हा. म्हणून मारल्यान."

मी म्हटलं, कुडतं काढ, खोबरेल लावतो. पायांवर फोड होते, ते चुन्याचे, तेवढं मलाही समजलं. पण पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या खाली, दोन तळवे भाजून उठले होते. बाईमाणसाचे, लहान. बोटं वरच्या अंगाला. पाण्यात बुडणाऱ्याला खालून वर लोटताना टेकतात, तशी.