वर बघ, हलू नको

दिवा असू दे. पण तो मोबाइल खिशात घाल, खालून उजेड पडून तुझं तोंड भलतंच दिसतंय, आणि ते आधीच काय कमी आहे. आणि डोळे चोळू नकोस. आज तरी नको.

हे घडलं माझ्या साडूच्या बाबतीत. ज्याला खोटं वाटेल त्याने उद्या जाऊन त्याला विचारावं. तो सांगणार नाही, पण विचारावं.

साडू टर्नर. लेथवर लोखंड कातायचा. त्याचा उजवा डोळा धड आणि डावा जन्माचा आळशी. डाव्याने त्याला जवळची चप्पल ओळखू यायची, चपलेतला माणूस नाही. म्हणजे पोट भरायचं ते एका उजव्यावर.

रविवार होता. सासूबाईंचा पाण्याचा पंप कुरकुरत होता. साडू म्हणाला, "आतलं बुश झिजलंय. तासाभरात नवं कातून आणतो." गेला वर्कशॉपात. गॉगल घातला, पण कपाळावर. कपाळाला काही होऊ नये म्हणून घालतात ना आमचे लोक. आणि व्हायचं तेच झालं, कण उडाला तो थेट उजव्या डोळ्यात.

आता तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरकडे जायचं. आमच्या वर्कशॉपातलं कोणी डॉक्टरकडे जात नसे. तिथे काडीमास्तर होता. काड्या करायचा म्हणून नव्हे, काडीने कण काढायचा म्हणून. म्हातारा लेथवाला, घरी कोणी नाही, सुट्टीलाही वर्कशॉपातच बसलेला. त्याची पद्धत ठरलेली. काडेपेटीतली काडी, टोकाला कापूस, कापूस जिभेवर ओला करायचा आणि म्हणायचं, "वर बघ, हलू नको." की मान आपोआप वर. माझी गेलीय, साडूची दहादा गेलीय. तीस वर्षांत शेकडो कण काढले त्याने. एकाचंही काही वाईट झालं नव्हतं.

त्या दिवशी काडीवर आला तो वरचा चुरा. खरा कण आत घुसला होता. आणि काडीवरची घाण त्याच्या मागोमाग.

मंगळवारी डोळ्यात पू. डॉक्टरने कण काढला, पू उपसला, डोळ्यात सुया दिल्या. साडू म्हणाला, वाचलो. दहाव्या दिवशी उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळं चढायला लागलं, कोणी खालून पडदा ओढत असावं तसं. डॉक्टर म्हणाला, "आतला पडदा सुटलाय. पुवाने तो ओल्या वर्तमानपत्रासारखा झालाय, हात लावू तिथे फाटतोय. ऑपरेशन करून आत गॅसचा फुगा सोडतो. फुगा वर चढणार आणि पडदा दाबून धरणार. पण पडदा डोळ्याच्या मागे असतो, म्हणून तुम्ही सात दिवस तोंड खाली ठेवायचं. खाताना खाली, झोपताना खाली. मान वर केलीत तर फुगा सरकेल, पडदा सुटेल, आणि मग माझ्याकडे येऊ नका."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. साडू रागाने नुसता धुमसत होता. म्हणाला, "साडूभाऊ, काडीमास्तरला निरोप द्या. एक कण राहिलाय म्हणावं, येऊन काढ."

निरोप द्यावा आणि गप्प बसावं. पण मला खोड. वर्कशॉपात चारचौघांत मी निरोप सांगितला, वर आपल्या पदरचं लावलं. म्हणालो, "मास्तर, कण निघत नसेल तर तुमचा डोळा काढून द्या, तो चालेल म्हणालाय." सगळे हसले. काडीमास्तर हसला नाही. हातातलं फडकं घडी करत म्हणाला, "कधी येऊ?"

मी म्हणालो, "रात्री या. दिवसा गर्दी असते."

दोन दिवसांनी काडीमास्तर गेला. लेथशेजारी स्टुलावर, बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी साडूला ते मीच सांगितलं, पाठीवर हात ठेवून, कारण तोंड खाली होतं. तो म्हणाला, "माझा निरोप पोचला होता का?" मी म्हणालो, नाही. आणखी एक खोटं, त्यात काय.

तीच रात्र. ऑपरेशननंतरची तिसरी. साडू पलंगावर पालथा, कपाळ गोल उशीवर, उशी पलंगाच्या कडेला. खाली दिसायची ती पांढरी फरशी. अकराला सिस्टर थेंब घालून, उजव्या डोळ्यावर नवी पट्टी चिकटवून गेली. मेव्हणी भिंतीकडच्या बाकावर आडवी झाली.

"पाठ खाजतेय गं."

"कुठे?"

"सगळीकडे."

तिने उठून खाजवली. म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली. मान खाली घालून ऐकताय ते आज. झोपा. आणि मान वर केलीत तर बघा."

"तशी काय बघणार आहेस तू?"

"झोपा म्हटलं ना."

अडीचला सिस्टर चक्कर मारून गेली. साडूला तिचे पांढरे बूट दिसले. आले, थांबले, गेले. दार लोटल्याचा आवाज आला.

पावणेतीनच्या सुमाराला दुसरे बूट आले.

दाराचा आवाज नाही. कापडी बूट, टाचा चेपलेल्या. तेलाने काळे. उशीपाशी येऊन थांबले. उलटे नव्हते रे, हसतोस काय, सरळ होते. बोटं साडूकडे.

मशीनच्या तेलाचा वास आला.

साडूने बायकोला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघेना.

"वर बघ," काडीमास्तर म्हणाला. "हलू नको."

आणि मान... मान उठायला लागली. साडूने उठवली नाही. वर्षानुवर्षांची सवय. कपाळ उशीपासून सुटलं. दोन बोटं वर. साडूने पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली आणि कपाळ परत खाली दाबलं. मनात एकच. पडदा. पडदा. पडदा.

"मास्तर," तो कसाबसा म्हणाला. "नको. मी रागात बोललो होतो."

तेलाचा वास आणखी जवळ आला.

"मास्तर, माझा एकच आहे."

बूट हलले नाहीत. बराच वेळ. मग गुडघे दिसले. फरशीवर टेकलेले. मग हात.

"बरं," काडीमास्तर म्हणाला. "तू नको वर बघू. मी खाली येतो."

तो पलंगाखाली शिरला. फरशीवर उताणा झाला. सरकत सरकत... तोंडाच्या बरोबर खाली.

आळशी डोळ्याला नुसता भुरका गोळा दिसत होता. साडूने तो डोळा घट्ट मिटला.

पण दिसत होतं.

पट्टीखालचा डोळा. पू झालेला, गॅस भरलेला. ज्याला तीन दिवस उजेडसुद्धा दिसला नव्हता. त्या डोळ्याला लख्ख दिसत होतं. म्हाताऱ्याच्या भुवईचा एकेक केस. ओठ. ओठांतून निघालेली ओली जीभ.

तोंड वर येत होतं. हळूहळू.

साडू हलला नाही. हलायचंच नव्हतं ना.

...

सकाळी मेव्हणीला जाग आली तेव्हा तो तसाच पालथा. पलंगाची कड धरलेली. तिला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

साडेसातला डॉक्टर आला. मान खालीच ठेवून पट्टी काढली. खालून बॅटरी मारली, वाकून आत बघितलं. म्हणाला, "पडदा बसलाय." मग हात हलवला. "काय दिसतंय?"

"काहीतरी हलतंय."

"माझा हात आहे. एवढं दिसलं तरी पुष्कळ." डॉक्टर खूश झाला. मग त्याचा चेहरा बदलला. तो अजून जवळ वाकला.

"रात्री पट्टी कोणी काढली होती?"

"कोणीच नाही," मेव्हणी म्हणाली.

"मग हे कोणी केलं?"

उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर अंगठा उमटला होता. काळा. तेलाचा. पापणी खाली ओढून धरावी तसा.

सिस्टर रडायला आली. रात्री अकराला पट्टी चिकटवली तेव्हा तिने पेनाने एक आडवी रेघ मारली होती, अर्धी पट्टीवर, अर्धी गालावर. पट्टी निघाली तर कळावं म्हणून. गालावर चिकटपट्टीचा एकच ठसा होता; तिने ट्रेमधली पट्टी उचलली आणि सगळ्यांसमोर परत त्याच ठशावर लावून दाखवली.

रेघ जुळत होती.