हिल्डाची कळ

त्रेपन्न वर्षं मी ब्रिटिश टीव्हीवर शेजारीण होते. कधी घरमालकीण, कधी सुईण, दोनदा नन, आणि प्रेत सगळ्यात आधी बघून किंचाळणारी बाई किती वेळा, ते विचारूच नका. रस्त्यात लोक थांबवतात, "तुम्ही आमच्या मागच्या गल्लीतल्या ना?" म्हणतात. मी हो म्हणते. विनिफ्रेड ऑल्सॉप हे नाव कुणाला आठवत नाही.

गेल्या मार्चमध्ये मात्र पाणी गळ्याशी आलं. एका मालिकेत म्हातारीचं काम होतं आणि मला वाक्यंच आठवेनात. पहिल्याच दिवशी अकरा वेळा अडकले. दिग्दर्शक कॅलम, मला नातू असता तर त्याच्या वयाचा, हळूच म्हणाला, "विनीबाई, उद्या जमलं नाही तर दुसरं कुणी बघावं लागेल. मनाला लावून घेऊ नका."

घरी येऊन मी रडले. काम गेलं तर मी उरणार तरी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्वयंपाकघराचा प्रसंग होता. चौथ्या वाक्याला डोकं कोरं पडलं आणि सगळे आवाज बंद झाले. दिव्यांची गुणगुण, कुणाचं तरी खोकणं, सगळंच. मग डाव्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "आर्थरला यातलं काही सांगू नकोस." माझं विसरलेलं वाक्य तेच होतं. मी बोलले. आवाज परत आले.

सांगणारीचा आवाज मी ओळखला. माझ्या सुरुवातीच्या काळात नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. नट अडकला की कॅमेऱ्यामागे बसलेली हिल्डा प्रॉक्टर हातातली कळ अंगठ्यानं दाबायची. प्रेक्षकांच्या घरचा आवाज तेवढा तुटायचा, ती वाक्य सांगायची आणि कळ सोडायची. लोकांना वाटायचं, आपला टीव्हीच बिघडलाय. स्टुडिओत आम्हाला मात्र सगळं ऐकू यायचं.

हिल्डाला जाऊन एकतीस वर्षं झाली. अंत्यविधीनंतरची सँडविचं मीच केली होती.

जेवणाच्या सुट्टीत ध्वनिमुद्रण करणारा ओवेन आला. "विनीबाई, तुम्ही थांबलात तिथं दोन सेकंद काहीच नाही. अहो, रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. इथं तोही नाही."

"मग?"

"भरून काढीन. काम झकास केलंत."

चार दिवस हिल्डानं मला असं तारलं. शेवटचा प्रसंग, म्हातारीच्या मरणाचा, मी तिच्याशिवाय केला. टाळ्या वाजल्या. कॅलमनं मला मिठी मारली. त्याचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येईना.

"आता कळ तू धर, विनी," हिल्डा म्हणाली. "माझा हात भरून आलाय."

एवढं केलं होतं तिनं माझ्यासाठी. नाही कसं म्हणणार?

"आण इकडे," मी म्हणाले.

काल ओवेनचा फोन आला. मालिका माझ्याशिवाय चालूच आहे.

"आज नर्सचं काम करणारी अडकली," तो म्हणाला. "ते दोन सेकंद पुन्हा आले. आणि विनीबाई, ती म्हणते, वाक्य तुम्ही सांगितलंत."

"किती वाजता?"

"अकरा वाजून दहा मिनिटांनी."

तेव्हा मी घरी बटाटे धूत होते. नळ सोडलेला होता आणि पाण्याचा आवाज येत नव्हता.

फोन ठेवला तेव्हापासून उजव्या हाताचा अंगठा दाबलेलाच आहे. वर उचलला जात नाही.