श्वास रोखा

आर्णीच्या बाजूच्या त्या गावात लोक दवाखान्यात डॉक्टरला दाखवायला येत नसत, फोटो काढायला येत. फोटो म्हणजे एक्स-रे. कंबर धरली, फोटो. उचकी लागली, फोटो. एक गृहस्थ तर होणाऱ्या जावयालाच घेऊन आले होते. पोरगा आतून कसा आहे ते पाहून घ्यावं म्हणाले.

एक्स-रे काढणाऱ्या अतुलची यावर काही तक्रार नव्हती. मग डॉक्टर मैत्रेयी बदलून आल्या आणि त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. कोणत्या दुखण्याला फोटो, कोणत्याला नाही.

"फोटोत किरणं असतात, अतुल. फायदा जास्त असेल तरच ती माणसाच्या अंगात घालायची. नुसती कंबर दुखते, पडला नाही, ताप नाही, पाय बधिर नाही, वजन उतरलं नाही, तर सहा आठवडे फोटो नाही. व्यायाम."

गावानं ते ऐकलं आणि तोंड पाडलं.

"फोटो नाही तं दवाखाना कायले?" डोमाजी म्हणाला. "व्यायाम तं वावरातच होते, फुकट."

डोमाजी कापूसवाला आणि कमालीचा आज्ञाधारक. कचेरीत एकदा कुणी त्याला 'जरा थांबा' म्हणून विसरून गेलं, तर हा संध्याकाळी कुलूप लावणाऱ्या शिपायाबरोबर बाहेर पडला होता. असा माणूस कंबर धरून परत चाललाय, हे अतुलला पाहवेना. त्यानं मधला मार्ग काढला. डॉक्टरबाईंनी नाही म्हटलेल्या माणसाला तो गुपचूप खोलीत घ्यायचा, टेबलावर निजवायचा, अंगावर दिव्याचा चौकोन पाडायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचा, "श्वास रोखा." बटण दाबायचं नाही. थोड्या वेळानं, "झालं, उठा." किरण शून्य, समाधान भरपूर. तक्ताही खूश, गावही खूश.

गुणही असा आला की विचारू नका. डोमाजी दुसऱ्या दिवशी ताठ चालत वावरात गेला. किसनराव म्हणजे गावातले सगळ्यात म्हातारे. घरच्यांचं त्यांच्या तोंडात गंगाजल घालून झालं होतं. "फोटो काढल्याबिगर मी मरत नाही," असा हट्ट धरला म्हणून त्यांना बाजेसकट आणलं. खोटा फोटो झाला आणि गडी चालत घरी गेला. बाज पोरांना उचलून न्यावी लागली.

तेवढ्यात थंडी पडली. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली आणि शाळेत जाणारी पोरं काड्या ओठांत धरून विड्या ओढल्याचं सोंग करायला लागली. अशाच एका सकाळी डोमाजीची बायको मथुराबाई नवऱ्याला हाताला धरून डॉक्टर मैत्रेयींसमोर उभी राहिली. अतुल तिथेच होता.

"बाई, यायचं घोरणं बंद झालं."

"मग चांगलंच की."

"मलेही पह्यले तसंच वाटलं. पण घोरणंच नाही, समदंच बंद हाय. रातच्याले नाकापाशी आरसा धरला. कोरा. श्वासच घेऊन नाही राह्यले. मले झोप नाही, बाई. बाजूले कपाट निजवल्यावानी वाटते."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी डोमाजीच्या नाकाखाली कापसाचा धागा धरला आणि हसायच्या थांबल्या. धागा लोंबत राहिला. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन उत्तम. हृदय ठणठणीत. फुप्फुसं मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शाळेसारखी.

"छातीचा फोटो काढू का?" अतुलनं घाईनं विचारलं.

डॉक्टरांनी सवयीनं तक्त्याकडे पाहिलं. "खोकला?"

"नाही," डोमाजी म्हणाला. शब्द येत होते, हवा येत नव्हती.

"ताप? दम लागतो?"

"श्वासच नाही तं दम कायचा लागन, बाई?"

"मग छातीचा फोटो बसत नाही," डॉक्टर अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "डोमाजी, तुम्ही श्वास का घेत नाही?"

"भाऊनं रोखाले सांगितला ना. सोडा म्हटलंच नाही."

डॉक्टरांनी अतुलकडे पाहिलं. अतुलनं फरशीकडे. खऱ्या फोटोत बटणाचा खट् आवाज झाला की त्याच्या तोंडून आपोआप 'सोडा' निघे. खोट्या फोटोत खट् नव्हतं.

"काही बिघडलं नाही, बाई," डोमाजी म्हणाला. "कंबर दुखत नाही, थकवा नाही. एकट्यानं अर्धं वावर वेचलं."

"मले माणूस पाह्यजे," मथुराबाई म्हणाली. "घोरणारा. भाऊ, तुमीच रोखला, आता तुमीच सोडा म्हणा."

अतुल एक पाऊल मागे सरकला. "काकू, हा श्वास सोडला अन् दुसरा आलाच नाही तर?"

मथुराबाईनं डोमाजीचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते. "म्हणा."

डॉक्टरांनी ऑक्सिजनचं नळकांडं ओढून जवळ आणलं.

"सोडा," अतुल म्हणाला.

डोमाजीनं श्वास सोडला.

तो संपेचना. पडदा फुगला. भिंतीवरचा तक्ता फडफडला. खोलीभर फिनेलचा वास पसरला. खोटा फोटो काढला त्या दिवशी फोटोच्या खोलीत फरशी पुसली होती, तोच.

मग वारा थांबला.

मथुराबाईच्या बांगड्याही वाजेनात.

डोमाजी तसाच उभा होता. तोंड उघडं.

मग भल्यामोठ्या घोरण्यासारखा आवाज झाला, त्याची छाती भरली आणि तो ओरडला, "अगं माय! कंबर!"

मथुराबाई रडता रडता हसायला लागली. "दुखू द्या! चांगली दुखू द्या!" डॉक्टरांनी त्याला कमरेचा व्यायाम दाखवला. डोमाजीनं लगेच सुरू केला.

"आता थांबा म्हणायला विसरू नका, बाई," अतुल म्हणाला, आणि तिघंही खदखदून हसले. अतुललाही बरं वाटलं.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, "अतुल, आणखी कुणाकुणाला श्वास रोखायला लावलास?"

अतुल दार उघडून बाहेर आला. पडवीतल्या बाकावर मंडळी कोवळ्या उन्हाला बसली होती. टाळ्या देत होती, एकमेकांची टर उडवत होती. बाकाखालच्या कुत्र्याच्या तोंडातून वाफ निघत होती. फक्त कुत्र्याच्या.

अतुलनं तोंड उघडलं.

बाकाच्या टोकाला बसलेल्या किसनरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी लाडानं मान हलवली.

"काही बोलू नको, लेका," ते म्हणाले. "बस. चहा पे."

अतुल बसला.

किसनरावांनी आपल्या कपातल्या गरम चहावर जुन्या सवयीनं फुंकर घातली. वाफ दोऱ्यासारखी सरळ वर जात राहिली.