बावीस जास्तीचे मणी

पंप तयार झाले होते आणि पाणी मात्र खारटच होतं. कुंजल म्हात्रेला याचा मेळ काही केल्या लागत नव्हता.

"टिपण, पुन्हा मोज ना," ती म्हणाली.

टिपण हा बेलखारच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचा यंत्रमानव. बुटका, चार हातांचा आणि विचारलं तेवढंच सांगणारा. त्याने काचेच्या टाकीतल्या हिरव्या पाण्यात सळई बुडवली. "मीठ कालइतकंच आहे. पंप-प्रथिन भरपूर आहे. अपेक्षेपेक्षा थोडं जास्तच."

"पंप आहेत, मग मीठ का ओढत नाहीत?"

"त्याची माझ्याकडे नोंद नाही."

कुंजलला रडू येईल असं वाटलं. दिवाळीनंतरच्या उधाणात खाडीचा बांध फुटला होता आणि खारं पाणी गावतळ्यात शिरलं होतं. तळ्याच्या काठावर आजोबांच्या पांढऱ्या कांद्याच्या रोपांचे सहा वाफे होते. बियाणं घरचं, आजोबांच्या आजोबांपासून राखलेलं. यंदा होतं नव्हतं ते सगळं या सहा वाफ्यांत पेरलं होतं आणि आता रोपांचे शेंडे पिवळे पडत चालले होते.

टाकीची कल्पना कुंजलचीच. खाडीकाठच्या खारफुटीच्या पानांत मीठ पेशीच्या आत ढकलणारं एक प्रथिन असतं. ते पेशीच्या पटलात (पेशीभोवतीच्या पातळ, तेलकट आवरणात) बसतं आणि पंपासारखं काम करतं. तो पंप शेवाळाच्या पेशींत बसवला, तर शेवाळ पाण्यातलं मीठ आत ओढून घेईल, मग शेवाळ गाळून टाकायचं. आठवीतल्या मुलीने हे सुचवलं, तेव्हा शाळेतल्या बाईंनी तळ्याचं पाणी बंद टाकीत घेऊन करून बघायची परवानगी दिली होती. शाळेतल्या जनुकलेखक यंत्राने कुंजलने दिलेलं जनुक (प्रथिन कसं विणायचं त्याची कृती) लिहून शेवाळात घातलं होतं. पंप कुठे आहे ते दिसावं म्हणून त्याला चमकणारं शेपूटही जोडलं होतं.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पंप पटलात बसले असते, तर प्रत्येक पेशीभोवती बांगडीसारखी चमकती कड दिसली असती. कड काळीच होती. पेशीच्या आत मात्र चमकते गोळे पडले होते, पाण्यात न विरघळलेल्या पिठाच्या गुठळ्यांसारखे.

"आतच अडकलेत," ती पुटपुटली. "पण का?"

दुपारी यमूआत्या आली. यमूआत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण; बाबांची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. पेशींच्या पटलांचा अभ्यास करण्यात तिची तीस वर्षं पुण्यात गेली होती आणि आता ती गावी येऊन राहिली होती. तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, "हं" म्हणाली आणि स्टुलावर बसली.

"कृती कुठून घेतलीस?"

"माहितीसंग्रहात दोन याद्या होत्या, आत्या. एक खारफुटीच्या जनुकावरून केलेली. दुसरी पानातून पंप बाहेर काढून, त्याचा एकेक मणी मोजून केलेली." मणी म्हणजे अमिनो आम्लं (ज्यांची माळ ओवून प्रथिन बनतं ते लहान रेणू). "पहिल्या यादीत सुरुवातीला बावीस मणी जास्तीचे होते. पण पानातल्या खऱ्या पंपात ते नाहीतच! मग मी ते गाळले. टिपणनेही तपासलं."

"पंप पूर्ण आहे," टिपण म्हणाला. "एकही मणी कमी नाही."

"अगदी बरोबर," आत्या म्हणाली. "आणि म्हणूनच पाणी खारट आहे."

कुंजलच्या डोक्याचा भुगा झाला. "बरोबर आहे म्हणून चुकलं?"

"सुईत दोरा कसा ओवतेस?"

"टोक ओलं करून, पिळून."

"आणि शिवून झालं की?"

"कापून टाकते."

"मग शिवलेल्या सदऱ्यावर ते पिळलेलं टोक शोधलं, तर सापडेल?"

कुंजलने स्वतःच्या बाहीची शिवण उलटून पाहिली. काहीतरी हाताशी आल्यासारखं वाटलं आणि निसटलं. "पण पेशीत सुई कुठे आहे?"

आत्याने बशीत पाणी घेतलं आणि डब्यातून तेलाचे चार थेंब त्यात सोडले. थेंब तरंगत तरंगत एकमेकांना जाऊन चिकटले.

"प्रथिनं विणतं कोण?"

"रायबोसोम," कुंजल म्हणाली. (पेशीतली ही विणकामाची इवलीशी यंत्रं.) "ते पेशीतल्या पाण्यात मोकळे फिरतात."

"आणि तुझ्या पंपाचे पुष्कळसे मणी तेलकट. पटलात बसायचं तर तसेच हवेत. पण ही माळ पाण्यातच पूर्ण विणून सोडली, तर?"

कुंजल बशीकडे बघत राहिली. "एकमेकांना चिकटेल. गुठळी होईल."

"म्हणून ती विणता विणताच पटलात ओवावी लागते. ते बावीस मणी माळेच्या अगदी तोंडाशी असतात, त्यामुळे ते आधी बाहेर येतात. त्यांचा मधला भाग फार तेलकट असतो. पेशीत एक ओळखकण (अशा तेलकट टोकाला धरणारा कण) फिरत असतो. तो त्या टोकाला चिकटतो आणि विणकाम जरा थांबवतो. मग माळेसकट अख्खा रायबोसोम आंतरद्रव्यजालिकेपाशी (पेशीच्या आत पसरलेल्या पटलांच्या जाळ्यापाशी) नेतो. त्या पटलात एक दार असतं. रायबोसोम दाराला टेकला की ओळखकण सुटतो, विणकाम पुन्हा सुरू होतं आणि माळ सरळ दारात ओवली जाते."

"आणि ते टोक?"

"तिथे कात्रीसारखं काम करणारं दुसरं प्रथिन असतं, ते टोक कापून टाकतं. काही प्रथिनांचं टोक तसंच राहतं, पण तुझ्या पंपाचं कापलं जातं. पुढे पटलाच्याच इवल्या पिशवीत बसून पंप पेशीच्या कडेला पोचतो."

"पण ओळखकणाला कोण सांगतं, की या माळेला धर आणि त्या माळेला नको?"

"कोणीच नाही. थेंबाला कोणी सांगितलं होतं?"

कुंजलने काडीने बशीतले थेंब वेगळे केले; ते पुन्हा जाऊन चिकटले. कोणी हुकूम देत नाही आणि तरी प्रत्येक गोष्ट आपल्या जागी जाते, हे तिला पटत होतं आणि पटतही नव्हतं. पण एक गोष्ट लख्ख कळली होती. जे मणी तिने निरुपयोगी म्हणून गाळले, त्यांच्यावाचून पंप घरीच पोचला नव्हता.

ती तळ्यावर गेली. आजोबा दोन वाफ्यांतली वाळलेली रोपं उपटत होते.

"आजोबा, माझ्यामुळे आठ दिवस फुकट गेले. मी चुकीचं लिहिलं."

आजोबांनी हातातल्या रोपांकडे पाहिलं. "चूक सापडली ना?"

"हो."

"मग हितं काय करतेस गो? जा, लिही जा."

तिने बावीस मणी परत लिहिले. नवं शेवाळ वाढायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत आणखी एक वाफा गेला. कुंजल रोज सकाळी जाऊन सूक्ष्मदर्शकात बघायची. सहाव्या दिवशी तिने डोळा लावला. पेशीपेशीभोवती बारीक, चमकती कड उमटली होती.

"टिपण, मीठ मोज!"

"कालच्यापेक्षा एक तृतीयांश कमी. आणि उतरत आहे."

दोन दिवसांनी गाळलेल्या पाण्याची पहिली बादली घेऊन ती आणि आत्या तळ्यावर गेल्या. आजोबांनी बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"काय झालं?" कुंजल घाबरली.

"अळनी!" आजोबा म्हणाले. "यमू, एकदम अळनी पानी आहे!" आणि ते हसत सुटले. उरलेल्या तीन वाफ्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्या तांब्याने पाणी घातलं.

कुंजल बांधावर बसली होती. तिच्या कपाळावर पुन्हा आठी पडली होती.

"आत्या, पेशीला शक्ती देणारी तंतुकणिका असते ना? तिथली बरीच प्रथिनंही बाहेरच्या पाण्यात विणली जातात. पण ती या जाळ्यात जात नाहीत, तिकडे जातात. म्हणजे त्यांचं टोक वेगळं असणार. कसं असेल ते?"

यमूआत्याने पदराने हात पुसले आणि तिच्या शेजारी बैठक मारली. "तुला काय वाटतं?"

"मला काहीच कळत नाहीये," कुंजल म्हणाली आणि वाळक्या काडीने मातीत मणी काढायला लागली.