शिक्का ज्याचा, हात त्याचा

"अहो बाई, तो खांब बांगड्यांचा आहे!"

दवाखान्यातली सू-युन दचकली. चिकटवायला घेतलेला औषध-चाचणीचा कागद ओल्या फरशीवर पडला आणि थेट एका रबरी बुटाखाली गेला. बूट मासळीबाजारातल्या काय-पिंगचा होता. खांद्यावर बर्फाची पेटी, भुवयांवरून ओघळणारं पावसाचं पाणी, आणि डोळ्यांत खट्याळ हसू.

"म्हणजे?"

"त्या खांबाशी बांगड्यांचा लिलाव होतो. पांढऱ्या उंदरांचा खांब वेगळा."

ती लाल झाली. नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालायचं म्हणजे पांढरा उंदीर व्हायचं, असं नानफांगआओ बंदरात जो तो म्हणे. निम्म्या कोळ्यांना गाऊट. पायाचा अंगठा असा सुजे, की होडीवर उभं राहणं मुश्कील. तरी दोन महिन्यांत एक माणूस तयार झाला नव्हता. महिनाअखेर नऊ जण मिळाले नाहीत, तर चाचणी उचलून तैपेईला जाणार होती. मग नव्या गोळीची आशा या अंगठ्यांना कुठली?

"मी उंदीर पकडत नाही," ती म्हणाली. "माणसांना विचारते."

"मग विचारा की! पण सकाळी नऊला दवाखान्यात बोलावता तुम्ही. तेव्हा इथे लिलाव असतो. अंगठा दुखतो म्हणून बांगडे थांबतात होय?"

एवढी साधी गोष्ट… पण तिला ती आजवर कुणी सांगितली नव्हती.

मग ती वरचेवर येऊ लागली. तो आल्याचा गरम चहा पुढे करी, "घ्या, उंदीरवाली!" म्हणे. "आणा, बांगडेवाले!" ती म्हणे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका दुपारी तो दवाखान्यात आला. अंगाला साबणाचा वास, हातात पाकीट. आत दहा संमतिपत्रं, प्रत्येकावर सहीऐवजी नावाचा लाल शिक्का. पहिला त्याच्या वडिलांचा, थ्येन-शेंग यांचा.

"नऊ हवे होते ना? दहा आणलेत."

"त्यांना वाचून दाखवलंस?"

"वाचायचं काय त्यात? सगळ्यांचे शिक्के माझ्याकडेच असतात."

त्याचंही चुकलं असं नाही. पार्सल येवो, सोसायटीचा कागद येवो, म्हाताऱ्यांचा शिक्का पोरांनी उमटवायचा, ही बंदराची रीतच.

"तुझ्यासाठी केलं गं…" तो पुटपुटला.

तेवढ्यात मोठे डॉक्टर वेई डोकावले. "शिक्के आहेत ना? मग पाठवून द्या. फार चौकशा नकोत."

सू-युनने पहिला कागद फाडला. मग दुसरा. एकेक करून दहाही.

"ज्याच्या पोटात गोळी जाणार, 'हो' त्यानेच म्हणायचं, डॉक्टर. काढायचं तर काढा मला कामावरून." मग ती काय-पिंगकडे वळली. "फुलं आणली असतीस तर घेतली असती. दुसऱ्याचा होकार मी घेणार नाही!"

दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपल्यावर ती पालथ्या पेटीवर बसली आणि बंदराच्या बोलीत मोठ्याने वाचू लागली. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनीच; कुणाला कुठली, ते मलाही कळणार नाही. पोट बिघडू शकतं. नको वाटलं, तर केव्हाही सोडा, कारण सांगायला नको. काय-पिंग मान खाली घालून ज्याचा शिक्का त्याच्या हातात परत देत होता.

"माझं 'नाही' आहे," थ्येन-शेंग गुरगुरले.

तिने तसं लिहून घेतलं. "बरं, काका. पाय जरा उंचावर ठेवून बसत जा."

"बस? का म्हणून विचारणार नाहीस?"

"नाही."

"उद्या समजवायला येणार नाहीस?"

"नाही, काका."

म्हातारा मागे वळून ओरडला, "ए, पोरगी खरी आहे रे! इथे 'नाही' म्हटलेलं चालतं!"

मग काय, प्रश्नांची झोड उठली. "बिअर चालेल?" "नाही चालणार." एक जण रागाने उठला, चार पावलं लंगडला, आणि अंगठ्याला शिव्या देत परत येऊन बसला. दुपारपर्यंत नऊ शिक्के उमटले, ज्याच्या त्याच्या हाताने. तपासणीही इथेच, लिलावानंतर होईल, असं तिने डॉक्टरांना सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं.

पाऊस भुरभुरत होता. काय-पिंग जवळ आला.

"माझ्याकडे एक चाचणी आहे… एकाच माणसाची."

"मुदत?"

"जन्मभर."

"धोके?"

"घरभर बांगड्यांचा वास. सासरा हट्टी."

"आणि मधेच नको वाटलं तर?"

"केव्हाही सोड." त्याचा आवाज खाली गेला. "कारणही… विचारणार नाही."

तिने त्याचा हात ओढला. पिशवीतून आपला शिक्का काढला, त्यावर 'हा' करून ऊन श्वास सोडला आणि त्याच्या तळव्यावर घट्ट दाबला.

"नीट ऐकून घेतलंय," ती म्हणाली. "आणि हात माझाच आहे."

पावसाने पुसू नये म्हणून त्याने मूठ मिटली.