रोलंडच्या नावाचा केक

"हसा लेको," अ‍ॅम्ब्रोज आजोबांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला. पबमधली पोरं गप्प झाली. "भोपळे कोरून दारोदार चॉकलेटं मागता ना? आमच्या वेळी पोरं गाणी म्हणत केक मागायची. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या नावाचे. खाईल त्यानं ते नाव मोठ्यानं घ्यायचं. खाल्लं आणि नाव नाही घेतलं, तर... आपल्या हॅडलीचंच ऐका."

गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबर. रात्रीचे सव्वानऊ. हॅडली पुलापलीकडे, अ‍ॅम्ब्रोज आजोबांकडेच निघाला होता, पायी. जानेवारीत दारू पिऊन त्यानं गाडी ओढ्यात घातली होती. लायसन्स गेलं. शेजारी बसलेला धाकटा भाऊ रोलंडही गेला.

निघताना आईनं फडक्यात बांधून एकच केक दिला होता, वर क्रूस काढलेला.

"तुलाच खा म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण तुझ्या तोंडून त्याचं नाव निघत नाही. अ‍ॅम्ब्रोज घेईल. कुणीतरी घेतलं की सुटेल रे माझं पोर."

हे शब्द हॅडलीला फार लागले होते. पुलावर तो थांबला. परक्यानं का घ्यावं नाव? आज मीच घेणार. त्यानं गाठ सोडली, केक शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, रिकामं फडकं खिशात कोंबलं आणि तोंड उघडलं.

"रो..."

पुढे निघेना.

खाली ओढ्यात कुणीतरी उभं राहिलं. पाणी निथळलं. मग काठावर पाऊल. मग पुलावर.

"दादा..."

हॅडलीनं मागं पाहिलं नाही.

"दादा... म्हण ना."

ओठ हलले. जीभ टाळूला चिकटलेली. मानेवर गार थेंब पडला. एक. आणखी एक.





"राहू दे, दादा..."

हॅडली धावत सुटला तो थेट घरी. आई दारातच उभी होती.

"घेतलं का रे नाव?"

त्यानं मान डोलावली. आईचा चेहरा उजळला. तो बघून हॅडलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दे ते फडकं, धुऊन टाकते."

त्यानं खिशात हात घातला. फडकं जड लागलं. ओलं. गाठ पुन्हा बांधलेली.

आईनं ती सोडली.

आत केक होता. अख्खा. क्रूसावरून ओढ्याचं पाणी ठिबकत होतं.